बियाण्याच्या पिशवीवरील अक्षरे व आकडे : भाताच्या वाणाचे नाव कसे वाचावे?

वर्तमानपत्रातील शेअर बाजाराचे पान आपण कधीतरी पाहिले असेल. पूर्वी हे पान आपण घडी घालून बाजूला ठेवत असू. आता शेलू, नेरळ, वांगणी या पट्ट्यात जमिनीचे व्यवहार झालेल्या घरांतील तरुण मुले तेच पान मोबाईलवर पाहतात. तेथे कंपनीचे पूर्ण नाव नसते, संकेताक्षरे असतात. अलिबागजवळ थळ येथे ज्या कारखान्यात युरिया तयार होतो त्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचे राष्ट्रीय शेअर बाजारातील नाव नुसते ‘आर.सी.एफ.’ एवढेच आहे. ही पद्धत तारयंत्राच्या काळातील होय. १८६७ साली न्यूयॉर्क येथे एडवर्ड कॅलहन याने भाव छापणारे यंत्र तयार केले. त्याच्या अरुंद कागदी पट्टीवर लांबलचक नावे मावत नसत, म्हणून ती तोडून अक्षरांवर आणली गेली.

या संकेतांत शेपटीच्या अक्षरांना फार महत्त्व असते. राष्ट्रीय शेअर बाजारात कंपनीच्या नावापुढे ‘ई.क्यू.’ असेल तर तो शेअर घेतलेल्या दिवशीच विकता येतो. त्याच नावापुढे ‘बी.ई.’ असेल तर तसे करता येत नाही, शेअर ताब्यात घ्यावाच लागतो. प्रत्येक शेअरला बारा अंक-अक्षरांचा एक क्रमांकही असतो. रिलायन्स कंपनीचा ‘आय.एन.ई. ००२ए ०१ ०१ ८’ हा क्रमांक पाहा. पहिली दोन अक्षरे भारत देश दाखवितात, तिसरे अक्षर कंपनी असल्याचे सांगते, पुढची चार कंपनीची ओळख आहेत, त्यानंतरचे दोन अंक हा साधा शेअर असल्याचे दाखवितात, मग दोन अंकी अनुक्रम आणि शेवटी पडताळणीचा एक अंक. ज्याला हे फोडून वाचता येते तो फसत नाही.

शेअरचे हे विवेचन येथेच थांबवू. सांगायचा मुद्दा वेगळा आहे. दरवर्षी मे महिन्यात आपण भाताच्या बियाण्याची पिशवी घरी आणतो, तिच्यावरही असाच संकेत छापलेला असतो आणि तो मात्र आपण फोडून वाचत नाही. शेअर चुकीचा घेतला तर दुसऱ्या दिवशी विकता येतो. चुकीचे बी राबात पडले तर वर्षाचे भात गेले असे समजावे.

गावाचे नाव म्हणजे केंद्राचे नाव

आपल्याकडील बहुतेक सुधारित वाणांची नावे दोन भागांची असतात : आधी गाव, मग आकडा. कर्जत-३, रत्नागिरी-२४, पालघर-१, पनवेल-३. यातील गाव म्हणजे ज्या संशोधन केंद्रावर तो वाण तयार झाला ते केंद्र. कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ साली सुरू झाले. ते आज दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आहे. चाचणीच्या प्लॉटमधील पाट्यांवर हीच नावे तोडून लिहिलेली आढळतात : कर्जतसाठी ‘के.जे.टी.’, रत्नागिरीसाठी ‘आर.टी.एन.’, पनवेलसाठी ‘पी.एन.एल.’.

बाहेरच्या राज्यांतील वाणही याच रीतीने ओळखता येतात. ‘एम.टी.यू.’ म्हणजे आंध्र प्रदेशातील मारुटेरू, ‘बी.पी.टी.’ म्हणजे बापटला. तमिळनाडूतील ‘ए.डी.टी.’ म्हणजे आदुथुराई आणि ‘सी.ओ.’ म्हणजे कोइमतूर. आपण ज्याला सुवर्णा म्हणतो त्याचे मूळ नाव एम.टी.यू.-७०२९ असे आहे. बी.पी.टी.-५२०४ म्हणजे सांबा मसुरी. दुकानदार एकदा एक नाव सांगतो, एकदा दुसरे. माल एकच असतो. हे ठाऊक असले म्हणजे एकच वाण दोन नावांनी दोनदा विकत घेण्याची वेळ येत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. केंद्राचे गाव आपल्या शिवाराजवळ आहे म्हणून तेथील वाण आपल्यालाच योग्य, असे नाही. पनवेल हे शेलूपासून फार दूर नाही, म्हणून ‘पनवेल-३ आमच्याकडे चालेल ना?’ अशी विचारणा नेहमी होते. परंतु पनवेलच्या केंद्राचे काम मुख्यतः खारजमिनीचे आहे. पनवेल-१, २ व ३ हे वाण भरतीचे पाणी शिरणाऱ्या खारट खाचरांसाठी निवडलेले आहेत. पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात त्यांचे मोल मोठे आहे. उल्हास नदीकाठच्या गोड्या जमिनीत त्यांच्या त्या गुणाचा काहीही उपयोग नाही. गाव वाचताना ‘हे केंद्र कोणत्या जमिनीसाठी काम करते?’ हा प्रश्न सोबत विचारावा.

आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

सर्वाधिक घोटाळा आकड्याचा होतो. पुष्कळ शेतकऱ्यांची अशी समजूत असते की आकडा लहान तर भात हळवे आणि आकडा मोठा तर गरवे, किंवा आकडा जितका मोठा तितके उत्पादन जास्त. ही समजूत निराधार आहे. कर्जत-२ गरवा आहे. त्याच्या लगेच पुढचा कर्जत-३ हळवा आहे. कर्जत-४ हळवा, कर्जत-५ व ६ निमगरवे, कर्जत-७ पुन्हा हळवा आणि कर्जत-८ पुन्हा गरवा. आकडा हा केवळ प्रसारणाचा अनुक्रम आहे. घरात मुले ज्या क्रमाने जन्मली तो क्रम उंची सांगत नाही, तसेच हे आहे.

मग कर्जत-१८४ चे काय? कर्जतने एकशे चौऱ्याऐंशी वाण दिले असा याचा अर्थ मुळीच नाही. या ठिकाणी आकडा निवडीचा आहे. पैदासकार एका संकरातून शेकडो ओळी लावतो, प्रत्येक ओळीला क्रमांक देतो आणि जी ओळ पसंत पडते तिचा क्रमांक नावाला चिकटून राहतो. जुन्या स्थानिक भातांमधून निवडलेल्या वाणांची नावेही याच धर्तीवर आहेत : कोळंबा-५४०, झिनिया-१४९, पटणी-६, खारजमिनीचा काळा रता १-२४. कर्जत-१८४ हा तायचुंग नेटिव्ह-१ आणि कोळंबा-५४० यांच्या संकरातून आलेला आहे. म्हणजे त्याच्या अंगात निम्मा तैवानचा बुटका बांधा आहे आणि निम्मा आपल्या कोळंब्याचा दाणा.

निवडीचे क्रमांक कसे पडतात हे समजण्यासाठी ‘आय.आर.-८’ चे उदाहरण सर्वात चांगले. ‘आय.आर.’ ही फिलिपाईन्समधील लॉस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची खूण. १९६६ साली प्रसारित झालेल्या या वाणाचे वहीतील पूर्ण नाव आय.आर.-८-२८८-३ असे होते. संस्थेने केलेला आठवा संकर, त्यातील २८८ वी ओळ, त्या ओळीतील तिसरे रोप. आपल्या सातबाऱ्यावर गट नंबर, त्याखाली हिस्सा, त्याखाली पोटहिस्सा असतो, तशीच ही मांडणी आहे. प्रत्येक आडवी रेघ म्हणजे एक पिढी आणि त्या पिढीत पैदासकाराने निवडलेले एक रोप. पुढे मात्र संस्थेने रीत बदलली. आय.आर.-३६ मधील ३६ हा संकराचा क्रमांक नाही. तिचा संकर २०७१ वा होता. अक्षरे तीच राहिली आणि आकड्याचा अर्थ बदलला. म्हणूनच नुसत्या आकड्यावरून अंदाज बांधू नये असे आम्ही पुनःपुन्हा सांगतो.

काही वाणांना आकडाच नसतो. जया (१९६८), रत्ना, इंद्रायणी ही माणसांच्या अथवा नद्यांच्या नावासारखी सुटसुटीत नावे लक्षात राहतात, हे खरे. परंतु त्यांत माहिती काहीच नाही. इंद्रायणी घाटावर वडगाव मावळ येथे आंबेमोहोर-१५७ व आय.आर.-८ यांच्या संकरातून तयार झाला, हे नावावरून कोणाला कळणार? रत्ना हा टी.के.एम.-६ व आय.आर.-८ यांचा संकर, हेही मुद्दाम सांगावेच लागते.

नावात नसलेली सर्वात महत्त्वाची गोष्ट : दिवस

शेलूच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने वाणाचा सर्वात महत्त्वाचा गुण म्हणजे तयार होण्यास लागणारे दिवस, आणि तोच नावात कोठेही नाही. साधारण ११५ दिवसांपर्यंत तयार होणारे ते हळवे, १२० ते १३५ दिवसांचे निमगरवे आणि १४० दिवसांच्या आसपास व त्यापुढील गरवे, हे आपण जाणताच. आता प्रत्यक्ष हिशेब करून पाहू.

राबात ५ जूनला पेरणी झाली असे धरा. १४५ दिवसांचा गरवा वाण २८ ऑक्टोबरच्या सुमारास तयार होईल. दाणा पक्व होण्यापूर्वी सुमारे ३० दिवस आधी भात फुलोऱ्यात असते, म्हणजे फुलोरा २८ सप्टेंबरच्या आसपास आला. हस्ताचा पाऊस लागला तर ठीक, नाही लागला तर माथेरानच्या उताराखालील उथळ, मुरमाड खाचरातील ओल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच संपते आणि दाणा भरण्याच्या वेळी रोप तहानलेले राहते. लोंबी बाहेर पडते, पण हातात घेतली तर निम्मी पोचट. शेतकरी म्हणतो, बियाणे बोगस निघाले. बियाणे चांगलेच होते. ते त्या खाचरासाठी नव्हते.

आता उलट पाहा. त्याच दिवशी पेरलेला १०५ दिवसांचा हळवा वाण १८ सप्टेंबरच्या सुमारास पिकतो. उंचावरच्या खाचरात हे उत्तम. पण नदीकाठच्या सखल, पाणथळ खाचरात हेच भात पावसात सापडते, पिकलेली लोंबी लोळते आणि पाण्यात दाण्याला मोड येतात. म्हणून एकाच घरच्या वरच्या तुकड्यात व खालच्या तुकड्यात दोन निराळे वाण असणे हेच शहाणपणाचे. ‘सगळीकडे एकच लावतो, लावणीला सोपे जाते’ असे उत्तर आम्हाला नेहमी मिळते. लावणीला सोपे जाते हे मान्य आहे. कापणीला काय होते ते वर सांगितले.

भातानंतर वाल घेणाऱ्यांनी तर दिवसांकडे अधिकच लक्ष द्यावे. कर्जत-खालापूरचा वाल हा भाताच्या उरलेल्या ओलीवर येतो. निमगरवे भात ऑक्टोबरमध्ये निघाले तर वालाला ती ओल मिळते. गरव्याची कापणी नोव्हेंबरपर्यंत लांबली की जमीन भेगाळते आणि वालाची उगवण विरळ होते. भाताच्या वाणाची निवड करताना आपण वालाचीही निवड करत असतो. राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात घेणाऱ्या गावांनी उन्हाळ्यासाठी हळव्या वाणांचाच विचार करावा.

आमच्या मते तयार होण्याचे दिवस पिशवीच्या दर्शनी बाजूस ठळक अक्षरांत छापणे सर्वांना बंधनकारक असावे. तोवर ते दुकानदाराला विचारून आपल्या हाताने पिशवीवर लिहून ठेवावे.

शेपटीची अक्षरे : संकरित वाण

शेअरच्या ‘ई.क्यू.’ व ‘बी.ई.’ सारखीच भातातही शेपटीची अक्षरे आहेत. कर्जत केंद्राने १९९८ साली दिलेला सह्याद्री हा संकरित वाण घ्या. त्याची मादी आय.आर.-५८०२५ ‘ए’ आणि नर बी.आर.-८२७-३५ ‘आर’. ‘ए’ म्हणजे नर-वंध्य ओळ. तिच्या फुलात परागकण निकामी असतात, त्यामुळे ती स्वतःचे बी स्वतः धरू शकत नाही. ‘बी’ ही तिची जोडीदार ओळ, जी ‘ए’ ला पिढ्यान्पिढ्या टिकवून धरते. ‘आर’ ओळीचे पराग ‘ए’ वर पडले की जे बी तयार होते त्याच्या रोपात फलधारणेची शक्ती परत येते. हेच बी आपण संकरित म्हणून विकत घेतो.

याचा व्यवहारातील अर्थ असा की संकरित भाताचे घरचे बी पुढील वर्षी पेरू नये. पुढच्या पिढीत गुण फुटतात. काही रोपे उंच, काही बुटकी, काही आधी पिकणारी, काही वांझ. संकरित बियाणे महाग असते, पण हेक्टरी सुमारे २० किलोच लागते. तेवढा खर्च दरवर्षी करण्याची तयारी असेल तरच त्या वाटेला जावे. कर्जत-३ किंवा रत्नागिरी-२४ यांसारख्या सुधारित सरळ वाणांचे मात्र घरचे बी, भेसळ काढून, दोन-तीन वर्षे खुशाल वापरता येते. पिशवी घेण्यापूर्वी ‘हे संकरित की सुधारित?’ हा एक प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण सह्याद्री या नावात संकर असल्याचा कोणताही खुणेचा शब्द नाही. खाजगी कंपन्यांच्या चार-चार आकडी नावांत तर तो मुळीच सापडत नाही. ते आकडे कंपनीचे स्वतःचे असतात आणि त्यांवरून ना दिवस कळतात, ना दाण्याचा प्रकार.

एका घड्याळाचे नाव

सगळीच नावे केंद्राच्या वहीतून येत नाहीत. विदर्भातील ‘एच.एम.टी.’ हा तांदूळ आपण बाजारात पाहिला असेल. ही अक्षरे कोणत्याही संशोधन केंद्राची नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तेथील अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली पटेल-३ या वाणाच्या शेतात वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, वेगळ्या पेरल्या आणि काही वर्षे निवड करून बारीक दाण्याचा नवा वाण सिद्ध केला. एका व्यापाऱ्याने तो विकत घेतला आणि त्या काळी सर्वांच्या मनगटावर असलेल्या एच.एम.टी. घड्याळाचे नाव त्याला देऊन टाकले. पुढे १९९८ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडून पी.के.व्ही.-एच.एम.टी. या नावाने वाण प्रसारित झाला. आधी जोडलेली तीन अक्षरे विद्यापीठाची, मागची तीन घड्याळाची. ज्याने लोंबी ओळखली त्याचे एकही अक्षर नाही. यावरून श्रेयाचा वाद बराच काळ चालला. २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने खोब्रागडे यांचा गौरव केला. २०१८ साली त्यांचे निधन झाले.

पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ या कायद्याने आता शेतकऱ्याला स्वतः जोपासलेला वाण स्वतःच्या नावावर नोंदविता येतो. घरचे बी साठविणे, पेरणे, शेजाऱ्याला देणे व विकणे हाही त्याचा हक्क आहे. फक्त ते कंपनीसारखे छापील नावाच्या पिशवीत घालून विकता येत नाही. आपल्या भागात कोणी जुना कोळंबा किंवा झिनिया राखून असेल, तर त्यांनी कर्जत केंद्राशी अवश्य संपर्क साधावा. त्यात वेगळी लोंबी दिसली तर कापणीपूर्वी तिला सुतळी बांधून ठेवावी.

पिशवीला लावलेली चिठ्ठी

वाणाचे नाव मोठ्या अक्षरात असते. खरी माहिती शिवलेल्या चिठ्ठीवर असते. चिठ्ठीचा रंग प्रथम पाहावा. पिवळी असेल तर पैदासकार बियाणे, पांढरी असेल तर पायाभूत, निळी असेल तर प्रमाणित. हिरवट चिठ्ठी सत्यप्रत बियाण्याची. त्याची हमी उत्पादक स्वतः देतो, बीज प्रमाणीकरण यंत्रणा देत नाही. सत्यप्रत बियाणे वाईट असते असे नाही. विद्यापीठाचेही असे बियाणे मिळते. मात्र निळ्या चिठ्ठीच्या बियाण्याचे शेत यंत्रणेने प्रत्यक्ष तपासलेले असते, हा फरक ध्यानात ठेवावा.

चिठ्ठीवरील लॉट नंबर हाही चार भागांचा संकेत आहे. पहिल्या भागात बियाण्याची कापणी कोणत्या महिन्यात व वर्षी झाली ते, दुसऱ्यात उत्पादनाचे ठिकाण, तिसऱ्यात ज्या केंद्रावर स्वच्छता व प्रतवारी झाली ते, आणि चौथ्यात त्या मालाचा अनुक्रम. पहिला भाग प्रत्येकाने वाचलाच पाहिजे. यंदाच्या जूनसाठी घेतलेल्या पिशवीवर गेल्या खरिपाच्या कापणीचा महिना असेल तर बी ताजे आहे. त्याआधीच्या वर्षाचा असेल तर पुनर्तपासणी झाली आहे का हे विचारावे. चाचणीची तारीख व वैधतेची मुदतही चिठ्ठीवरच असते. प्रमाणित बियाण्याची मुदत प्रथम नऊ महिन्यांची असते. भाताच्या प्रमाणित बियाण्याची उगवणशक्ती किमान ८० टक्के, भौतिक शुद्धता ९८ टक्के आणि ओलावा जास्तीत जास्त १३ टक्के असावा लागतो.

पावतीवर दुकानदाराकडून वाणाचे नाव व लॉट नंबर दोन्ही लिहून घ्यावेत. नुसते ‘भात बियाणे १ पिशवी’ असे लिहिलेली पावती तक्रारीच्या वेळी निरुपयोगी ठरते. पिशवी खालच्या बाजूने फोडावी म्हणजे चिठ्ठी शाबूत राहते. चिठ्ठी, पावती व मूठभर बी कापणी होईपर्यंत जपून ठेवावे. उगवण किंवा भेसळीबाबत शंका आल्यास तालुका कृषी अधिकारी अथवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी, आणि ती भात शेतात उभे असतानाच करावी. कापणी झाल्यावर तपासायला काही उरत नाही.

पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी पिशवीतील शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावेत व गोणपाट ओला राखावा. आठवड्याने मोड आलेले दाणे मोजावेत. ऐंशीपेक्षा कमी भरले तर राबात बी टाकण्यापूर्वी दुकानात जाण्यास अजून वेळ असतो.